हायड्राचं पाणी

थेंब्या कॉलेजच्या जीवशास्त्र विभागात एकोणतीस वर्षं मदतनीस होता. हायड्राला तो ड्रॉपरने थेंबाथेंबाने चारा घालायचा, म्हणून मुलांनी त्याचं हे नाव पाडलं. तोंडावर मुलं ‘काका’ म्हणायची, पाठीमागे थेंब्या. त्याला दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हीचं काही नव्हतं.

शिक्षण नववी नापास. पण काम असं की बोट ठेवायला जागा नाही. गुरुवारी दुपारी तीनला मुलांना कोंबडीचा तेहतीस तासांचा गर्भ बघायचा असेल, तर अंडी बुधवारी सकाळी सहाला उबवण्याच्या पेटीत गेली पाहिजेत. साडेसहाला घातली तर साडेबत्तीस तास होतात. दुसऱ्या कुणाला अर्धा तास म्हणजे काहीच नाही. थेंब्याला तो पुष्कळ होता. तेहतीस तासांना काळीज म्हणजे एक वाकलेलं नळकांडं असतं, आता धडधडेल की मग, अशा बेतात आलेलं. त्याआधी अंडं फोडलं तर मुलांना नुसती रेघ दिसते. एकोणतीस वर्षांत बुधवारी सहाला तो पोचला नाही असं दोनदाच झालं. एकदा वडील गेले तेव्हा आणि एकदा सायकलची साखळी तुटली तेव्हा. साखळीचं त्याला जास्त लागलं होतं, कारण ती आदल्या दिवशी बघता आली असती.

पावाच्या बुरशीला एवढे लाड नव्हते. पाव ओला करायचा, काचेच्या झाकणाखाली ठेवायचा आणि तीन दिवस विसरायचा. आधी पांढरा कापूस येतो, मग त्यावर टाचणीच्या डोक्याहून बारीक काळे ठिपके.

“बुरशी म्हणजे घरजावई,” तो मुलांना सांगायचा. “बोलवा न बोलवा, येतो, बसतो, खातो.”

मुलं हसायची. हायड्राबद्दल मात्र तो विनोद करत नसे.

हायड्रा उत्तरेच्या खिडकीत होते, काचेच्या तीन पसरट भांड्यांत. नखाएवढा जीव. एका टोकाने काचेला चिकटलेला, दुसऱ्या टोकाला तोंड आणि तोंडाभोवती दोऱ्यासारखे सहा-सात हात. मेंदू नाही, काळीज नाही, डोळे नाहीत. पाणपिसू, म्हणजे त्याचा चारा, हाताला लागली की तिला डंख मारून गिळतो. खाणं भरपूर झालं की त्याच्या अंगावर कोंब फुटतो, कोंबाला हात येतात, आणि चार दिवसांनी तो गळून बाजूला आपलं बिऱ्हाड थाटतो. मधोमध कापला तर दोन्ही तुकडे पुरे होतात.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी, विभागात शिकवणाऱ्या बाई नोकरीला नव्या होत्या, तेव्हा गावाबाहेरच्या तळ्यातून त्यांनी शेवाळाबरोबर एक हायड्रा आणला. एकच. भांड्यांतले सगळे त्या एकाच्याच अंगावर आलेले. बाई म्हणायच्या, हे दोनशे नाहीत, हा एकच आहे. थेंब्याला आधी हे पटलं नव्हतं. वीसेक वर्षं बघितल्यावर पटलं.

बाई चौदा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी हार, फोटो, भाषणं झाल्यावर त्या त्याला खिडकीशी घेऊन गेल्या. भिंतीवर त्यांच्या अक्षरातलं कार्ड होतं. ‘नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून मग वापरा. धातूचं भांडं वापरू नका. साबण नको. मलूल दिसले तर चारा बंद, आणि पाणी रोज अर्धं बदला.’

“पाठ आहे ना?” बाईंनी विचारलं.

“झोपेतही म्हणून दाखवीन.”

“मग ऐका. माणूस म्हातारा होतो, कुत्रं होतं, झाडसुद्धा होतं. हायड्रा होत नाही. तो आपणहून मरत नाही. मेला तर समजायचं, कुणीतरी मारला.”

थेंब्याने मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून सुटीतसुद्धा तो दिवसाआड येऊ लागला. बायको म्हणायची, “माझ्या सवतीला पाणी दिलंत का?” तो म्हणायचा, “दिलं. तुझी चौकशी करत होती.” त्यांचा चोवीस वर्षांचा संसार असल्या बोलण्यावर बरा चालला होता.

एक गोष्ट त्याला सलत होती. प्रयोगशाळेचा नळ. लोखंडी पाइप भिंतीत कुजला होता आणि सकाळी पहिली बादली चहासारखी लाल यायची. ती ओतून द्यायची, दुसरी ओतून द्यायची, तिसरी जरा बरी. मग ती कापडातून गाळायची, मोठ्या बरण्यांत भरायची, दोन दिवस ठेवायची, आणि तळाशी गंज बसला की वरचं पाणी रबरी नळीने अलगद काढायचं. एवढं करून रोज तासभर जायचा. तासाचं त्याला काही नव्हतं, पण घाणेरड्या पाण्यातून चांगलं काम काढायचं, हे त्याला पटत नव्हतं. त्याने कार्यालयाला अर्ज केला. मग आणखी एक. तीन वर्षांत अकरा अर्ज झाले. मोठे कारकून त्याला बघितलं की म्हणायचे, “आले बघा, गंगेला आणायला निघालेत.”

अकराव्या अर्जाला मंजुरी मिळाली.

काम मिळालं त्याच्या मेव्हण्याला. मेव्हणा नळाचं काम करायचा, आणि चांगलं करायचा. सुटीच्या आठवड्यात त्याने भिंत फोडली, कुजका पाइप तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढला आणि नवा टाकला. थेंब्या शेजारी उभा राहून सांधे बघत होता.

“भाऊजी, जरा लांब व्हा,” मेव्हणा म्हणाला. “माझ्या कामावर मुकादम नको.”

“हा सांधा परत बघ.”

“बघितलाय. तांब्याचा पाइप आहे. कार्यालय प्लॅस्टिक टाका म्हणत होतं. मी म्हटलं, आमचे भाऊजी तीन वर्षं अर्ज करतायत, त्यांना प्लॅस्टिक? हुज्जत घालून तांबं मंजूर करून घेतलं. तुमच्या नातवंडांनासुद्धा गंज दिसायचा नाही.”

“किड्यांना चालेल ना?”

हे थेंब्याने विचारलं होतं. पुढे ते त्याला सारखं आठवत राहिलं. पण विचारलं कुणाला, तर नळवाल्याला.

“तांब्यातलं पाणी माणसं मुद्दाम पितात, पोटाला चांगलं म्हणून,” मेव्हणा म्हणाला. “तुमचे किडे काय माणसापेक्षा मोठे लागून गेले? ताईपेक्षा त्यांना जास्त जपता, ते मला माहीत आहे.”

नळ सोडला. पहिल्या बादलीपासून पाणी काचेसारखं. थेंब्याने बरणी उजेडात धरली, फिरवून बघितली. एक कण नव्हता. त्याने मेव्हण्याच्या पाठीवर थाप मारली. असं तो कधी करत नसे.

आधी भरून ठेवलेलं जुनं पाणी चार दिवस पुरलं. पाचव्या दिवशी त्याने नेहमीप्रमाणे एक तृतीयांश पाणी काढून दोन दिवस मुरलेलं नवं पाणी घातलं. काचेची भांडी, रबरी नळी, सगळं जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी हायड्रा जरा आखडलेले वाटले. हातांच्या टोकांना बारीक गाठी आल्या होत्या. त्याने भिंग घेऊन बघितलं. उन्हामुळे असेल म्हणून त्याने खिडकीला कागद लावला.

तिसऱ्या दिवशी हात निम्मे झाले. पाणपिसू अंगावरून गेली तरी कुणी धरेना.

कार्डावर लिहिलं होतं ते त्याने केलं. चारा बंद. पाणी रोज अर्धं बदललं, आणि तिन्ही भांड्यांत, कारण तिन्हींतले मलूल होते. खबरदारी म्हणून चौथं भांडं तो सामानाच्या खोलीत वेगळं ठेवत असे. बाईंचीच शिकवण. त्याचंही पाणी त्याने त्याच दिवशी बदललं. मागे राहायला नको म्हणून. चौथ्या दिवशी तो सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बदलू लागला. नळी धरून धरून बोटं पांढरी पडली. इतकी मेहनत त्याने त्या खिडकीत कधी केली नव्हती. आणि जितकं पाणी तो बदलत गेला, तितके ते लवकर गेले.

सहाव्या दिवशी काचेवर काही नव्हतं. तळाशी राखाडी गाळ होता, एवढंच. भिंगाखाली तो गाळसुद्धा सुटा सुटा झाला होता. त्याने चारही भांडी एकेक इंच करून बघितली. त्यात सकाळ गेली. मग पुन्हा बघितली.

विभागातल्या सरांना सांगायला गेला तेव्हा सर संगणकावर काही भरत होते. माणूस वाईट नव्हता.

“अरेरे,” सर म्हणाले. “उन्हाळ्यात होतं असं. नवीन मागवू की. नाहीतर मुलांना पडद्यावर दाखवता येतील, त्यात तर हलतानासुद्धा छान दिसतात.”

“हे एक्केचाळीस वर्षांचे होते, सर.”

“हो, पण हायड्रा सगळे सारखेच ना, काका?”

थेंब्या बाहेर आला. सरांचं चूक नव्हतं. पुस्तकात बघितलं तर सगळे सारखेच असतात. त्याने संध्याकाळपर्यंत टेबलं पुसली, पुसलेली परत पुसली.

त्या दिवशी घरी बायकोने सवतीची चौकशी केली नाही. ताट वाढलं आणि समोर बसली. तो दोन घास खाऊन उठला.

रविवारी तो बाईंकडे गेला. बाईंचे पाय गेले होते, डोकं शाबूत होतं. भाचेसुनेने दार उघडलं. बाई खुर्चीत होत्या, मांडीवर भिंग आणि वर्तमानपत्र.

“या. कसे आहेत?” बाईंनी विचारलं. त्या कधीच ‘कसे आहात’ म्हणत नसत.

“गेले, बाई.”

“किती?”

“सगळे. सहा दिवसांत.”

बाईंनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग तोंडी परीक्षा घेतात तशा एकेक विचारू लागल्या.

“पाणी?”

“दोन दिवस उघडं ठेवलेलं.”

“भांडी?”

“काचेचीच.”

“साबण लागला असेल कुठे.”

“त्या खोलीत साबण येत नाही.”

“चारा खराब?”

“पाणपिसवा मजेत आहेत. अजून वाढल्यात.”

“त्या कुठल्या पाण्यात?”

“अंगणातल्या टबात. तिथे साठवलेलं पावसाचंच पाणी असतं.”

“मग तुमच्या पाण्यात काय बदललं?”

“काहीच नाही,” थेंब्या म्हणाला. बाई वाट बघत होत्या.

“नळ बदलला,” तो म्हणाला. “आतला पाइप.”

“कशाचा टाकला?”

“तांब्याचा.”

बाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्या खिडकीकडे बघत होत्या.

“पाणी दोन दिवस ठेवतो ते क्लोरीन उडून जावं म्हणून,” त्या म्हणाल्या. “तांबं उडत नाही. जातं कुठे? पाण्यातच राहतं. नवा पाइप तर जास्तच सोडतो. तुम्ही-आम्ही पितो, आपल्याला कळतही नाही. हायड्राला एवढंसं पुरतं. माझ्या कपातल्या चहात मुंगीचा पाय पडावा, तेवढं.”

“कार्डावर भांडं लिहिलेलं होतं,” थेंब्या म्हणाला. “पाइप नव्हता.”

तो सबब सांगत नव्हता. लिहिलेलं तसं होतं.

“नव्हता,” बाई म्हणाल्या. “माझी अक्कल भांड्यापर्यंतच पोचली. आणि मलूल झाले तर पाणी जास्त बदला, हेही मीच लिहिलं.”

आत भाचेसून कपबशा विसळत होती.

“नळ बदला म्हणून अर्ज कुणी केला होता?”

“मी. अकरा केले.”

तुमचं काही चुकलं नाही, असं त्या म्हणतील, असं थेंब्याला वाटलं होतं. तेवढ्यासाठीच तो शहराच्या या टोकाला आला होता, हे त्याला त्या क्षणी कळलं. पण बाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला वाढीव मार्क दिले नव्हते. त्या भिंग पुसू लागल्या, आणि पुसतच राहिल्या.

उठताना त्याने विचारलं, “त्या तळ्यात अजून असतील का, बाई? त्याच्याच रक्ताचे?”

“रक्त नसतं त्यांना,” बाई म्हणाल्या. “जाऊन बघा. बघायला काय जातंय.” आवाजात आशेचं काही नव्हतं.

सोमवारी त्याने रजा टाकली. झाकणाची बरणी आणि लांब दांड्याची जाळी घेऊन तो सायकलने तळ्यावर गेला. तळ्याला आता कठडा होता. भोवती फरशीची वाट, बाकं, मधे कारंजं. काठावर माळी रबरी नळीने फरशी धुत होता.

“मासे नाहीत यात,” माळी म्हणाला.

“मासे नकोत. शेवाळ हवंय.”

माळी हसला. “शेवाळ? पूर्वी यायचं होतं. नुसता हिरवा चिखल होता, वास यायचा. आता बघा, आरसा आहे आरसा. दर महिन्याला मोरचूद टाकतो. शेवाळाचं नाव नाही.”

मोरचूद. प्रयोगशाळेच्या कपाटात तिसऱ्या फळीवर निळ्या खड्यांची बाटली होती. दर शनिवारी तिच्यावरची धूळ तो पुसायचा. बाटलीवर कशाचं नाव आहे ते त्याला पाठ होतं. तांबं. एकोणतीस वर्षं तो ते नाव पुसत आला होता, आणि मेव्हणा तांब्याचा पाइप म्हणाला तेव्हा ते समोर आलं नव्हतं.

तरी त्याने काम सोडलं नाही. कारंज्याच्या पलीकडे, जिथे गटाराचं तोंड होतं, तिथे दगडाला बोटभर गवत होतं. गुडघ्यावर बसून, हात खांद्यापर्यंत घालून त्याने ते मुळासकट काढलं. चार ठिकाणचं पाणी घेतलं. माळी बघत होता. काही वेळाने त्याने नळी बंद केली आणि बरणी धरायला आला.

“औषधाला लागतं का?” माळ्याने विचारलं.

“हो,” थेंब्या म्हणाला. समजावून सांगायचं बळ नव्हतं.

बरणी उत्तरेच्या खिडकीत ठेवली. हायड्रा असला तर दिसायला दोन दिवस लागतात. पाणी स्थिर झालं की तो गवत सोडून काचेवर येतो, उजेडाच्या बाजूला. थेंब्याने तीन दिवस दिले. मधे बुधवार आला. सहाला येऊन त्याने अंडी पेटीत ठेवली, मिनिटाचा फरक पडू दिला नाही. गुरुवारी मुलांनी गर्भ बघितला. एका मुलीच्या तबकडीत काळीज वेळेच्या जरा आधी सुरू झालं होतं. तिने त्याला हाक मारली, “काका, हे बघा, उडतंय.” तो गेला, वाकला, बघितलं.

“हो, उडतंय,” तो म्हणाला आणि परत खिडकीशी गेला.

काचेवर काही नव्हतं. पाण्यावर एक मेलेलं चिलट तरंगत होतं आणि त्याच्याभोवती पांढरा कापूस आला होता. पाण्यातली बुरशी. तिला कुणी आणलं नव्हतं, कुणी दोन दिवसांचं पाणी दिलं नव्हतं. घरजावई येऊन बसला होता.

शुक्रवारी त्याने चारही भांडी धुतली, कापडाने पुसली आणि टेबलावर उपडी घातली. त्या खोलीत ती भांडी उपडी कुणी बघितली नव्हती. कार्ड भिंतीवरून काढायला गेला, पण चिकटपट्टी जुनी, कागद फाटायला लागला. त्याने ते तसंच ठेवलं.

दुपारी मेव्हणा आला. खांद्यावर अवजारांची पिशवी. बहिणीने सांगितलं होतं. दारातच उभा राहिला, नेहमीसारखा आत येऊन स्टुलावर बसला नाही.

“भाऊजी,” तो म्हणाला, “मला खरंच माहीत नव्हतं.”

“मलाही नव्हतं.”

“आज काढतो तो पाइप. प्लॅस्टिक आणलंय, माझ्या पदरचं. दोन तासांचं काम.”

थेंब्याने भिंतीकडे बघितलं. नवं प्लास्टर अजून फिकं होतं, पण काम सरळ होतं. कुठे फुगवटा नाही, कुठे भेग नाही. सांध्याला ओल नाही.

“आता कशाला?” तो म्हणाला. “चांगलं केलंयस काम. पाणी स्वच्छ येतंय.”

मेव्हणा उभाच राहिला. थेंब्याने फरशी पुसायची बादली नळाखाली सरकवली आणि नळ सोडला. ती भरेपर्यंत दोघंही पाण्याकडे बघत होते.